मोहरीसारखं नाकात चढलं पाहिजे! (हॉर्सरॅडिशवरची तुमची पत्रं आणि माझी उत्तरं)

मागच्या अंकात बीटाच्या कोशिंबिरीबद्दल लिहिताना मी सहज एक ओळ टाकली होती, की वरून चमचाभर वाळवलेलं हॉर्सरॅडिश भिजवून घातलं तर काय मस्त ठसका येतो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे सगळे प्रश्न मी बाजूला ठेवलेत (थंडीत इडलीचं पीठ फुगत नाहीवाल्या मंडळींनी जरा थांबा, तुमचा नंबर पुढच्या वेळी). निम्म्या पत्रांमध्ये "हे नेमकं काय असतं" हाच प्रश्न होता म्हणून आधी तेवढं सांगते.

हे एक मूळ आहे. बाहेरून मळकट तपकिरी, आतून पांढरं, बोटापासून मनगटापर्यंत कितीही जाड, आणि बाजारात ठेवलेलं असताना त्याला वास जवळपास काहीच नाही, म्हणजे एखादी वाळकी फांदी वाटेल. पण किसणीवर चार वेळा फिरवा की डोळ्यांतून घळाघळा पाणी. मोहरी, मुळा, कोबी यांच्याच घराण्यातलं. नावात घोडा आहे पण घोड्याचा काही संबंध नाही, जुन्या इंग्रजीत मोठं, रांगडं, जाडंभरडं असलं की पुढे हॉर्स लावायचे म्हणे. इकडे जर्मनीत मेअररेटिख, बव्हेरियात आणि ऑस्ट्रियात क्रेन, रशियात ख्रेन. मी गेली बरीच वर्षं एर्लांगनला राहते आणि बायर्सडॉर्फ हे गाव आमच्या अगदी शेजारी, जिथे पिढ्यान् पिढ्या हेच पीक घेतात आणि ज्याचं त्यांनी म्युझियमसुद्धा काढलंय, त्यामुळे इच्छा असो नसो, हे मूळ माझ्या स्वयंपाकघरात येणारच होतं. शिकवलं मात्र शेजारच्या आजींनी, ज्यांना सगळी बिल्डिंग ओमाच म्हणते.

प्रश्न (न्यूर्नबर्गहून): ताई, आम्ही या वर्षी श्रेबरगार्टन (घरापासून लांब असलेला बागेचा छोटा तुकडा) घेतलं, आधीच्या मालकांनी एका कोपऱ्यात हॉर्सरॅडिश लावून ठेवलेलं होतं आणि नवऱ्याने उत्साहात सगळं खणून काढलं, तीन किलो तरी असेल!! आम्ही दोघंच, एवढं संपणार कधी? वाळवून ठेवता येतं का, कसं?

येतं की. पण आधी एक खरं सांगते, ताजं ते ताजंच, वाळवलेलं दोन नंबरला. म्हणून तीनही किलो वाळवू नका. एक किलोभर मुळं धुवायची नाहीत, फक्त माती झटकायची, ओलसर पेपरमध्ये गुंडाळून पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या खणात ठेवायची, आरामात महिना-दोन महिने राहतात (तळघर असेल तर ओल्या वाळूत पुरून अजून जास्त). थोडं सोलून तुकडे करून फ्रीझरला. आणि उरलेलं वाळवा.

आता वाळवताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा म्हणजे बाकी सगळं आपोआप कळेल. या मुळात तिखटपणा तयार नसतोच! पेशींच्या आत सिनिग्रिन नावाचं द्रव्य एका बाजूला आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम दुसऱ्या बाजूला, दोघांची गाठ पडत नाही तोवर सगळं शांत. आपण किसतो, ठेचतो, तेव्हा पेशी फुटतात, दोघं भेटतात आणि पाण्याच्या मदतीने तो झणका तयार होतो. आपण मोहरी फेसतो ना, अगदी तेच. कोरडी मोहरी हातात घ्या, वास नाही. पाण्याचा हबका मारून पाट्यावर किंवा मिक्सरला फेसा, टाळूपर्यंत चढते. आपल्या मोहरीत सुद्धा हेच सिनिग्रिन असतं, त्यामुळे मराठी माणसाला हॉर्सरॅडिश शिकवावं लागत नाही, फक्त ओळख करून द्यावी लागते असं मी ओमांना नेहमी सांगते.

म्हणून वाळवताना दोन पथ्यं. एक म्हणजे किसून वाळवायचं नाही. पुष्कळ जण किसतात कारण लवकर वाळतं, पण किसलं की तिखटपणा तिथल्या तिथे तयार होतो आणि तो उडून जाणारा असतो, तुमचं घर तिखट होईल आणि बरणीत भुसा राहील. चकत्या करा, बटाट्याच्या वेफर्सपेक्षा जराशा जाड, दोन-तीन मिलिमीटर. दुसरं म्हणजे उष्णता कमी. ते एन्झाइम जास्त तापलं की मरतं. डिहायड्रेटर (पदार्थ वाळवायचं यंत्र) असेल तर 50 डिग्रीच्या आसपास ठेवा, ओव्हन असेल तर सगळ्यात कमी, फॅनवर, आणि दारात लाकडी चमचा अडकवून दार किंचित उघडं, म्हणजे वाफ बाहेर जाते. सहा ते आठ तास धरा, मधे एकदा उलटवा. चकती वाकली तर अजून ओल आहे, कटकन मोडली पाहिजे, पापडासारखी. ओव्हन सुद्धा नको असेल तर सुती कापडावर पसरून हायत्सुंगच्या, म्हणजे खोलीतल्या हीटरच्या, जवळ (वर नाही, जवळ) तीन-चार दिवस, आमच्या ओमा तसंच करतात. ऑक्टोबरच्या इकडच्या उन्हावर मात्र विसंबू नका, ते ऊन फक्त फोटोपुरतं असतं.

सोलताना: साल बटाट्याच्या सोलाण्याने जाते. मूळ जुनं, जाड असेल तर मधला गाभा लाकडासारखा झालेला असतो, तो काढून टाका, नाहीतर पूड चोथट होते. एक किलो सोललेल्या मुळाचं माझ्याकडे वाळून पाव किलोच्या आसपास होतं. आणि अजून एक, सालं आणि छोटे तुकडे चुकूनही कंपोस्टमध्ये टाकू नका हं! याची लागवडच मुळाच्या तुकड्यांनी करतात, करंगळीएवढा तुकडा राहिला तरी वसंतात कोंब येतो. तुमच्या नवऱ्याने "सगळं" खणलं असं तुम्ही लिहिलंय, पुढच्या एप्रिलमध्ये कळवा किती उगवलंय ते.

वाळलेल्या चकत्या पूर्ण गार करा, हवाबंद काचेच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात. पूड एकदम सगळी करू नका, महिनाभराची करा. चकत्या वर्षभर टिकतात, पुडीचा जोर लवकर उतरतो. आपण धणेपूड जशी थोडी थोडी करतो तसंच.

प्रश्न (सेंट लुईसहून): मी 200 फॅरनहाइटला चार तास ओव्हनमध्ये वाळवलं, रंग छान आला, पूड पण छान झाली पण चव म्हणजे अक्षरशः पुठ्ठा. मूळ खराब होतं का? शेतावरूनच आणलं होतं.

मूळ उत्तमच असणार हो. तुमच्या तिथे तर नदीपलीकडे कॉलिन्सव्हिल आहे, ते गाव स्वतःला जगाची हॉर्सरॅडिश राजधानी म्हणवतं, मिसिसिपीच्या गाळाच्या जमिनीत हे पीक जोरात येतं, त्याची जत्राही भरवतात. म्हणजे मुळाला दोष नाही, ओव्हनला आहे. 200 फॅरनहाइट म्हणजे 93 सेल्सिअस, तेवढ्यात ते बिचारं एन्झाइम गेलं. सिनिग्रिन मात्र थोडंफार शिल्लक असणार, फक्त त्याला जागं करणारं कोणी राहिलं नाही. म्हणून टाकून देऊ नका. दोन चमचे पुडीत अर्धा चमचा ताजी दळलेली पिवळी मोहरी घाला, गार पाण्याने सैलसर भिजवा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मोहरीत तेच एन्झाइम जिवंत असतं, ते दोघांचं काम करतं. ताज्यासारखं होणार नाही पण पुठ्ठा तरी राहणार नाही. (शिजलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड भुरभुरवायला सांगतात ना, त्यामागे पण हीच युक्ती आहे.)

पुढच्या वेळी 125 फॅरनहाइट. ओव्हन तेवढा खाली जात नसेल तर डिहायड्रेटर कोणाकडून तरी उसना आणा, किंवा सरळ व्हिनेगरमध्ये किसून बाटली भरा, अमेरिकेत तीच जुनी पद्धत. हाइन्झ कंपनीच्या त्या हेन्री हाइन्झने 1869 मध्ये पेनसिल्व्हेनियात धंदा सुरू केला तो केचपने नाही, याच किसलेल्या मुळाच्या बाटल्यांनी, आणि मुद्दाम पारदर्शक काचेत भरून, कारण तेव्हा लोक त्यात सलगम किसून मिसळायचे आणि रंगीत बाटलीत ते कळायचं नाही.

प्रश्न (पोलंडमधल्या क्राकूवहून, विद्यार्थी): काकू, मी इथे मास्टर्स करतोय. ईस्टरला मित्राच्या घरी गेलो होतो, तिथे अंडी आणि बीटाचं लाल तिखट काहीतरी खाल्लं, आयुष्यात पहिल्यांदा इथलं काहीतरी खाऊन नाकातून पाणी आलं, आनंद झाला!! आता दुकानातून वाळलेल्या चकत्यांचं पाकीट आणलंय. होस्टेलला फक्त एक शेगडी आणि एक वाटी आहे. काय करू?

तू खाल्लंस ती च्विक्वा, बीट आणि हॉर्सरॅडिशची. आणि पाकिटावर ख्शान (हॉर्सरॅडिशचं पोलिश नाव) लिहिलं असेल तर तेच.

तुला वाटी पुरे आहे, शेगडी तर नकोच. चकत्या बत्त्याने कूट किंवा मित्राच्या कॉफी ग्राइंडरमधून काढ (त्याला आधी सांग, नंतर त्याची कॉफी आठवडाभर शिंकायला लावते). एक चमचा पूड, दोन चमचे गार पाणी, कालवून झाकून दहा-पंधरा मिनिटं. गार पाणी! गरम पाणी घातलंस तर सेंट लुईसवाल्या ताईंचंच होईल. पंधरा मिनिटांनी वाटीचं झाकण काढून वास घे, पण जरा लांबून. मग त्यात लिंबू किंवा व्हिनेगर पिळ, चिमूट मीठ, चिमूट साखर. आंबट नंतरच घालायचं हे लक्षात ठेव, कारण आंबट पडलं की ती प्रक्रिया तिथेच थांबते. ताजं किसताना सुद्धा हाच हिशोब, लगेच व्हिनेगर घातलं तर सौम्य, दोन-तीन मिनिटं थांबून घातलं तर जहाल. आणि आंबट न घालता तसंच ठेवून दिलं तर काळपट, कडू होतं.

आता हे घट्ट दह्यात मिसळ, उकडलेली अंडी अर्धी करून त्यावर घाल. झालं जेवण. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, दही, हे, वरून थोडा कांदा, ते पण. ब्रेडवर लोणी लावून त्यावर नुसतं सुद्धा. तू मिरचीचा माणूस दिसतोस म्हणून सांगते, हा तिखटपणा वेगळा असतो, मिरची जिभेवर बसून राहते, हा नाकातून वर जातो आणि अर्ध्या मिनिटात गायब. त्यामुळे लोक बेसावधपणे दुसरा घास मोठा घेतात.

प्रश्न (पुण्याहून): मुलगा व्हिएन्नाला असतो, त्याने तिथून क्रेनची पूड आणली. मी फोडणीत हिंग-मोहरीबरोबर टाकली, बटाट्याच्या भाजीला. काहीच कळलं नाही. दुसऱ्यांदा जास्त टाकली तर कडवट झाली. लोणच्यात घालू का? मेतकुटात चालेल का? नुसतीच पडून आहे.

अहो फोडणी! तुमचं पत्र वाचून मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला, पण रागावले नाही कारण पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं, आमटीत. आपला हात तसाच जातो, कुठलीही पूड हातात आली की तेल तापवायचं. पण विचार करा, फोडणीतली तडतडलेली मोहरी आणि फेसलेली मोहरी, दाणा एकच, चव मात्र दोन टोकांची. फोडणीत मोहरी खमंग होते, तिखट राहत नाही. क्रेन फोडणीत खमंग पण होत नाही, नुसता करपतो. त्यामुळे एकच नियम: जिथे जिथे तुम्ही फेसलेली मोहरी घालता तिथे हे घालून बघा, आणि जिथे तडतडलेली घालता तिथे नको.

मग यादी आपोआप तयार होते बघा. काकडीची कोशिंबीर, केळ्याचं रायतं, लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, बीट, गाजर. व्हिएन्नात उकडलेल्या बीफबरोबर आंबट सफरचंद किसून त्यात क्रेन आणि लिंबू घालतात, त्याला आप्फेलक्रेन म्हणतात, आणि ते बीफ बाजूला ठेवलं तर ते चक्क आपलं रायतंच आहे, हिरव्या सफरचंदाचं करा, थोडं दही घाला, पुरीबरोबर खा आणि मला कळवा. माझ्या मते सगळ्यात जमून येतं ते चक्क्याबरोबर. वाटीभर चक्का, भिजवलेली पूड दोन चमचे, मीठ, साखर, भरपूर शेपू. इकडे हेच क्रीममध्ये घालून स्मोक केलेल्या ट्राउटबरोबर देतात. आमच्या भागात मोठी मिजास असते ती कार्प माशाची, सप्टेंबर ते एप्रिल, म्हणजे ज्या महिन्याच्या इंग्रजी नावात आर येतो त्याच महिन्यांत कार्प खायचा असा नियम, आणि व्हिनेगरच्या पाण्यात शिजवलेल्या कार्पबरोबर मेअररेटिख हवंच. पुण्यात तळलेल्या सुरमईबरोबर तो चक्का ठेवून बघा ना, लिंबाची आठवण येणार नाही.

लोणचं: थंडीतलं गाजर-फ्लॉवर-मटारचं जे ताजं लोणचं आपण करतो, आठ दिवसांत संपवायचं, त्यात निम्मी फेसलेली मोहरी आणि निम्मी ही भिजवलेली पूड घाला. फोडणी पूर्ण गार झाल्यावरच ओता. वर्षाच्या कैरीच्या लोणच्यात मात्र घालू नका, तो झणका महिन्या-दीड महिन्यात उतरतो आणि मग उगाच चव गढूळ होते. टोमॅटोचा कच्चा ठेचा करत असाल तर तिथे बेलाशक. सायबेरियात टोमॅटो, लसूण आणि ख्रेन असं कच्चंच वाटून बरणी भरतात, त्याला ख्रेनोविना म्हणतात, खाल्ल्यावर मला तर आपल्याच कोणाच्या तरी घरचं वाटलं.

मेतकूट: नको. मी करून बघितलंय. मेतकूट आपण गरम भातावर तुपाबरोबर घेतो, गरम भातात ही पूड धड भिजत नाही, धड तिखट होत नाही, आणि भाताला शिळ्या मुळ्याचा वास येतो. मेतकुटाला आहे तसं राहू द्या, त्याचं चांगलं चाललंय.

सूप, ग्रेव्ही, व्हाइट सॉस यात घालायचं असेल तर गॅस बंद करून, भांडं खाली उतरवून, वाढायच्या आधी दोन मिनिटं. इथले लोक सुद्धा तेच करतात.

प्रश्न (इस्रायलमधल्या अश्दोदहून): आमचं कुटुंब मूळचं अलिबागकडचं, बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू), घरी अजून आई मराठीतच बोलते. शेजारीण पोलंडकडची, तिने पेसाहला (ज्यूंच्या वसंतातल्या सणाला) लाल ख्रेनची बाटली दिली, आईला फार आवडला, म्हणाली मोहरी फेसल्यासारखं लागतं. आता वर्षभर घरी करायचा आहे, वाळलेल्या पुडीचा जमेल का?

तुमच्या आईंनी एका घासात ओळखलं, मला एवढं पानभर लिहावं लागलं! त्यांना माझा नमस्कार सांगा.

जमतो. दोन मध्यम बीटं उकडून किंवा ओव्हनमध्ये भाजून, गार करून बारीक किसा. पूड दोन मोठे चमचे, चार मोठे चमचे गार पाण्यात पंधरा मिनिटं. मग दोन मोठे चमचे व्हिनेगर, अर्धा छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा साखर, आणि हे सगळं बीटात कालवून बरणीत. बीट गरम असताना घालू नका, तेवढं सांभाळा. एक दिवस फ्रीजमध्ये मुरू द्या, दुसऱ्या दिवशी रंग आणि चव दोन्ही बसतात. दोन-तीन आठवड्यांत संपवा, त्यानंतर तो गोडसर बीटच उरतो. मासे, अंडी, बटाटा, कशाबरोबरही.

हे रोजच्या जेवणातलं झालं. सेदरच्या (पेसाहच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाच्या) थाळीत मारोर (कडू-तिखट पदार्थ) म्हणून काय चालतं, ताजंच लागतं का, व्हिनेगर-बीट घातलेलं चालतं का, ते तुमच्याकडचे जाणते सांगतील, त्यात मी तोंड घालत नाही.

प्रश्न (नाशिकहून): इंग्रजीत शेवग्याला हॉर्सरॅडिश ट्री म्हणतात असं वाचलं. आमच्या बांधावर चार शेवगे आहेत. मग त्याचं मूळ वाळवलं तर तेच नाही का? आणि नसेल तर खरं हॉर्सरॅडिश आपल्याकडे लावता येईल का?

हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला कारण याचं उत्तर जरा जोरात द्यायचंय. नाही, ते हे नाही, आणि शेवग्याचं मूळ खाऊ नका.

नाव पडलं ते साहेबामुळे. भारतातल्या इंग्रजांना रोस्ट बीफबरोबर हॉर्सरॅडिश हवं असायचं, ते तिथे मिळेना, मग कोणाच्या तरी लक्षात आलं की शेवग्याचं मूळ किसलं की वास तसाच तिखट येतो, झालं, त्यावर भागवायला लागले आणि झाडाला नाव चिकटलं. वास सारखा का, तर शेवगा मोहरीच्या घराण्यातला नसला तरी त्यातही त्याच जातीची तिखट द्रव्यं तयार होतात. पण शेवग्याच्या मुळात, विशेषतः मुळाच्या सालीत, अपायकारक अल्कलॉइड्स असतात, आणि गरोदर बाईने तर त्याच्या वाटेला जाऊच नये. आपल्या आज्यांनी शेंगा, पाला, फुलं, सगळं खाल्लं, मुळाला मात्र स्वयंपाकात हात लावला नाही. शेंगांची आमटी करा, मूळ जमिनीत राहू द्या.

खऱ्याची लागवड: त्याला कडक हिवाळा लागतो, पानं झडून मूळ झोपी गेलं पाहिजे, मगच ते भरतं. नाशिकची थंडी आपल्याला कडाक्याची वाटते पण त्याला ती नुसती झुळूक. कुंडीत पानं येतील, हौस म्हणून ठीक, जाडजूड मुळाची अपेक्षा नको. त्यापेक्षा वसाबीची (जपानी हिरव्या तिखट चटणीची) ट्यूब किंवा पूड दुकानात बघा, आणि मागचं लेबल वाचा. स्वस्त वसाबी बहुतेक वेळा वसाबी नसतंच, हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग असतो. वसाबी हवा असलेल्यांची ती फसवणूक, पण तुमची सोय!

प्रश्न (मुंबईहून, लॅब टेक्निशियन): आमच्या एलायझा (रक्त वगैरे तपासायच्या) किट्सवर एचआरपी लिहिलेलं असतं, त्यातलं एच हे हेच का?

हेच! हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज, याच मुळातून काढलेलं एन्झाइम, तुमच्या किटमधल्या छोट्या खळग्यांमध्ये निळा रंग येतो तो त्याच्यामुळे. तिखटपणाचं एन्झाइम वेगळं आणि हे वेगळं, पण मूळ तेच. म्हणजे हॉर्सरॅडिश कधी न बघितलेल्या कितीतरी लोकांच्या रक्ततपासणीत ते हजर होतं, मला ही गोष्ट दर वेळी गंमतशीर वाटते.

प्रश्न (ठाण्याहून): मला अ‍ॅसिडिटी आहे, थायरॉइडची गोळी चालू आहे. खाऊ का?

अल्सर, जळजळ असेल तर हे नकोच, उपाशीपोटी तर अजिबात नाही. थायरॉइड आणि किडनीवाल्यांनी डॉक्टरांना विचारून, आणि विचारलं तरी कोशिंबिरीत चमचाभर एवढंच. लहान मुलांना मजा म्हणून चाटवू नका, ती मजा आपलीच होते. सर्दीवर औषध म्हणून खाल्लं असं दोघांनी लिहिलंय, नाक मोकळं होतं हे खरं, पण ते पाच मिनिटांपुरतं.

प्रश्न (डोंबिवलीहून): पूड करताना मिक्सरचं झाकण उघडलं आणि सासूबाई, मी, मुलगी, तिघी गॅलरीत! अर्धा तास घरात जाता येईना. काय चुकलं?

झाकण लगेच उघडलंत. कोरड्या पुडीला वास नसतो म्हणून आपण निर्धास्त असतो, पण ती बारीक धूळ नाकात, डोळ्यांत गेली की तिथला ओलावा तिला पुरतो, म्हणजे ती तुमच्या नाकातच फेसली जाते. मिक्सर बंद केल्यावर दहा मिनिटं तसाच ठेवा, धूळ खाली बसू द्या, खिडकी उघडी, तोंडावर ओढणी, आणि झाकण आपल्या विरुद्ध बाजूने उघडायचं. जपानी संशोधकांनी याच वासावर, म्हणजे वसाबीच्या झणक्यावर, आग लागली की झोपलेल्या माणसाला जागं करणारा अलार्म बनवला होता, त्यांना 2011 चं इग नोबेल (गमतीशीर संशोधनाला मिळणारं बक्षीस) मिळालं. तुमच्या घरी चाचणी यशस्वी झाली म्हणायची.

मिक्सरच्या भांड्याला वास राहिला असेल तर कोरडे तांदूळ मूठभर फिरवून काढा, मग साबण-पाणी. आधी पाणी घातलंत तर परत गॅलरीत जावं लागेल.